डाग मोडून

चांदीची कर्णफुलं
आणि सासूनं दिलेलं शिवणयंत्र,
दोन्ही विकून सैकालच्या आतल्या खिशात
नऊ हजार दोनशे सोम.
नारिनहून पहाटे निघालेली मिनीबस
खिंडीत दोनदा थांबली,
एकदा बर्फासाठी, एकदा मेंढ्यांसाठी.
जाण्यायेण्याचे सातशे तिथेच गेले.

मराठीत हे सांगणं सोपं आहे:
डाग मोडून
डाग द्यायचं यंत्र घ्यायला निघाली.
तिच्या भाषेत दोन वेगळे शब्द लागतात.

दोर्दोईच्या बाजारात
लोखंडी कंटेनरवर लोखंडी कंटेनर
आणि प्रत्येकाच्या पोटात एक दुकान.
म्हातारा अब्दीराशित हातमोज्यात फुंकर घालत बसलेला.
चुलीच करायच्या ना, म्हणाला, तंबूतल्या?
मग हे बघ.

ते जुनं, सोव्हिएत काळातलं,
तांब्याच्या वेटोळ्यांचं, अडतीस किलो.
हे मरत नाही.
नसेलही मरत. पण ते सुरू झालं
की गल्लीभरचे दिवे माना टाकणार
आणि शिव्या माझ्या दारात.
शिवाय अडतीस किलो मांडीवर घेऊन खिंड?

कोपऱ्यात एक तार आपोआप सोडणारं,
सोबत गॅसचं नळकांडं.
त्याची किंमत तिनं विचारलीच नाही.
काही पाहुण्यांना लांबूनच नमस्कार करावा.

मग नारिंगी. हलकं, चकचकीत,
अंगावर भला मोठा आकडा: २५०.
म्हातारा दाराबाहेर बघत पुटपुटला,
आकडा रंगवायला काय लागतं, पोरी.
आत दीडशे असतील तर असतील.
तिनं केबल चिमटीत धरली,
तीस वर्षं कापड धरलं तशी,
अंगठ्यानं चोळून पाहिली.
रबर जाड, तांबं विरविरीत.
अस्तर भारी, कापड हलकं.

त्याच्या मागे निळं. १६०.
त्याची केबल बोटांना खोटी लागली नाही.
संध्याकाळी आमच्याकडे एकशे सत्तरच व्होल्ट येतात.
मग रात्री कर.
पत्रा दोन मिलिमीटरचा.
मग शंभर अँपिअरही उतू जातील.
पण दहा मिनिटांत चारच मिनिटं चालेल,
सहा मिनिटं बसून राहील.
सैकाल पहिल्यांदा हसली.
अशा एकाबरोबर संसार केलाय मी.

नारिंगी घेतलं तर उरत होती
हातात धरायची काळी काच.
निळं घेतलं तर ठिणगी पडताच
आपण होऊन काळोखणारा मुखवटा.
तिला मामा आठवला,
एका उघड्या नजरेनंतर
रात्रभर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून
वाळू, वाळू, म्हणून कण्हणारा.

निळं, पाच हजार चारशे.
मुखवटा, एक हजार नऊशे.
अडीच मिलिमीटरच्या कांड्या, नऊशे.
हातमोजे, अडीचशे, पुरुषी मापाचे.
उरलेल्या पन्नासात एक नान आणि चहा.
हातोडी घरी होती.

रात्री अकराला शेजार झोपला, व्होल्ट वर चढले.
पहिली कांडी चिकटली.
दुसरी चिकटली, ओढताना चुलीचा पाय सोबत आला.
तिसरीनं पत्र्याला चक्क काज पाडलं.
इथे उसवायची सोय नाही.
शिवणयंत्राच्या पायट्याची सवय असलेला पाय
टेबलाखाली उगाच खालीवर होत होता,
तो तिनं दुसऱ्या पायानं दाबून धरला
आणि चौथी कांडी
धावदोऱ्याच्या चालीनं नेली.

हातोडीनं वरची राखाडी खपली उडवली.
खाली चार बोटं टीप.
वाकडी, गुठळ्यांची,
सासूनं पाहिली असती तर
पुन्हा घाल म्हणाली असती.
सैकालनं पाय धरून सगळं वजन टाकलं.
निघाला नाही.

दुसऱ्या पायाला हात घातला
तर निळ्यावरचा पिवळा दिवा लागला.
त्याला सहा मिनिटं हवी होती.
तिनं चहा ठेवला.